तेवीस किलो सहाशे चाळीस

मी एक काटा बोलतोय. पायात रुततो तो नव्हे, दुकानात वजन करतो तो. खाली पत्र्याचा चौकोनी पाट, मागे दांडी आणि दांडीच्या डोक्यावर लाल आकडे. शंभर किलोपर्यंत माझी ताकद.

सागरने मला अकोल्याहून आणलं. धामणगाव बढ्याला त्याचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. दरवर्षी वजनमापाचे निरीक्षक येत, माझ्यावर त्यांची वजनं ठेवून पाहत आणि शिक्का मारून जात. तो शिक्का म्हणजे माझा परवाना. मला त्याचा फार अभिमान होता. तूर, सोयाबीन, मिरची, गूळ, काय काय तोललं मी! माल घेणारा माझ्या आकड्याकडे बघतो आणि देणाऱ्याच्या बोटांकडेही बघतो. माणसांचा माझ्यावर विश्वास असतो, एकमेकांवर नसतो.

तीन वर्षांपूर्वी, तुरीला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, सकाळी अकराच्या सुमाराला पोलिसांची जीप दुकानापुढे थांबली. "काटा उचल आणि तूही चल," साहेब म्हणाले. "वजन करायचंय."

शेत सुधाकररावांचं होतं. ते बुलढाण्याला सरकारी कचेरीत नोकरीला. गावातला कचरू ते शेत बटाईने, पिकाच्या वाट्यावर, करायचा. आदल्याच दिवशी तुरीला पाणी दिलेलं, त्यामुळे जमीन ओली होती. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला, तुरीच्या ओळीत, गांजाची नऊ झाडं उभी होती. माणसापेक्षा उंच.

कचरू पळाला नाही. "माह्यीच हायेत साहेब," तो म्हणाला. "कंबर धरते. चिलमीपुरती लावली व्हती. इकत नाही मी कोनाले."

पोलिसांनी झाडं उपटली. मुळांना चिखलाचे गोळेच्या गोळे लटकत होते. तशीच ती माझ्यावर रचली. सागर चाचरत म्हणाला, "साहेब, माती झटकू का?"

"तू आकडा पाह्य," साहेब म्हणाले. "जसं हाय तसंच राहू दे."

मी आकडा दाखवला. तेवीस किलो सहाशे चाळीस. एका ग्रॅमचीही चूक नाही. जमादाराने पंचनाम्याच्या कागदावर लिहिलं, 'गांजा, २३.६४० किलो.' मी चमकलो. वजन माझं होतं, पण 'गांजा' मी म्हटलं नव्हतं. माझ्या पाटावर खोडं होती, पानं होती, मुळं होती आणि सुधाकररावांच्या शेतातला निदान पाच किलो चिखल होता. पण कागदावर पुसायला मला हात नाहीत. सागरला होते. त्याने त्याच हाताने पंच म्हणून सही केली.

सुधाकररावांनी फोनवर सांगितलं, "मी महिनोन् महिने तिकडे फिरकत नाही. मला काही माहीत नाही." कचरूला बेड्या घालून नेलं.

दोन-अडीच महिन्यांनी कचरूची बायको सिंधूताई दुकानात आली. हातात मुळासकट उपटलेलं तुरीचं एक झाड होतं. नेमके त्याच वेळी सुधाकरराव बाकावर बसले होते. उज्जैनला जाऊन आले होते, सागरला तिथल्या गोष्टी सांगत होते. "अरे, भांगेचं सरकारी परवान्याचं दुकान आहे तिथे. बाहेर पाटी लावलेली. ग्लासभर थंडाई घेतली, काय सांगू तुला!"

सिंधूताईने ऐकलं. झाड माझ्यावर ठेवलं. "सागर, किती व्हते पाह्य."

"एक किलो नऊशे, काकू."

तिने तिथेच बसून सगळ्या शेंगा तोडल्या, पदरात घेतल्या आणि फक्त शेंगा माझ्यावर ओतल्या.

"तीनशे साठ," सागर म्हणाला.

"तूर घेतं तवा तू मुळ्या तोलतं का रे? चिखल तोलतं?" तिचा आवाज चढला नाही. "वकीलबाई म्हणते, कायद्यात गांजा म्हंजे फकस्त फुलाचे शेंडे. अन् वीस किलोच्या वर दाखवलं का जामीन भेटत नाही. माह्या महामायाच्या बापाले कोर्टानं दोनदा ना म्हटलं. तुह्या काट्याच्या आकड्यापायी."

सागर गल्ल्यातली चिल्लर मोजू लागला.

मग ती सुधाकररावांकडे वळली. "भांग कोन्या झाडाची व्हते हो?"

"झाड तेच आहे," ते घसा खाकरत म्हणाले. "पण पानांची भांग वेगळी, गांजा वेगळा. शिवाय तिकडचं राज्य वेगळं. परवाना असतो तिथे."

"मंग आमी परवाना कोठी मांगाचा व्हता?"

सुधाकरराव उठले, चपला घातल्या आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले. सिंधूताईने शेंगा पुन्हा पदरात बांधल्या. "कोर्टात खरं सांगजो बाप्पा," एवढंच ती सागरला म्हणाली. "माती व्हती म्हनून सांग. जास्तीचं काही नको."

"हाव काकू, सांगतो," सागर म्हणाला. मी ऐकलंय ते, अगदी शेजारून.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात सुधाकररावांनी शेत दुसऱ्याला बटाईने दिलं. कचरूच्या मुलीचं, महामायाचं, नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि ती आईबरोबर निंदणीला जाऊ लागली.

साक्षीच्या आदल्या दिवशी जमादार दुकानात आला. खुर्ची ओढून बसला, गोळ्यांच्या बरणीतली एक गोळी तोंडात टाकली. "उद्या तारीख हाय ना बे तुही? पंचनाम्यात जे हाय तेच बोलजो. त्या मिठाच्या पोत्यामागं गुटखा ठेवतं तू, मले मालूम हाय. त्याच्यावर बी बंदीच हाय."

दुसऱ्या दिवशी सागरबरोबर मलाही कोर्टात नेलं. कचरूला सरकारकडून मोफत वकील मिळाली होती, गार्गी नावाची. मुद्देमाल त्याच काट्यावर परत तोलावा, असा अर्ज तिने केला होता. तिने सागरला विचारलं, "झाडांच्या मुळांना माती होती का?"

कचरू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. गालांची हाडं वर आलेली. सागरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आठवत नाही," तो म्हणाला.

मला आठवत होतं. पण मला कुणी शपथ दिली नव्हती.

मग मुद्देमालाची गोणी उघडली. वाळलेल्या काटक्या, भुगा आणि खाली सुटलेली कोरडी माती. सगळं माझ्यावर ठेवलं. पाच किलो नऊशे. गार्गीने माती वेगळी काढायला लावली, मग काटक्या. उरलेला शेंड्यांचा चुरा पुन्हा तोलला. सातशे दहा ग्रॅम.

टायपिंग करणारी बाई थांबून माझ्या आकड्याकडे बघत होती.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. फुलोरा वेगळा न करताच वजन केलं, म्हणून तेवीस किलो ग्राह्य धरता येत नाही. झाडं लावल्याचा गुन्हा मात्र खरा. शिक्षा, आजवर भोगली तेवढी. म्हणजे दोन वर्षं चार महिने कचरू आत राहिला, आणि मग कोर्टाने सांगितलं की एवढं पुरे. चिखल तोलणाऱ्यांना कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

गेल्या आठवड्यात कचरू दुकानात आला. "किलोभर खडेमीठ दे," म्हणाला. सागरने पिशवी भरून माझ्यावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढलाच नाही.

"काका, मले सारं आठवत व्हतं. कोर्टात मी खोटं बोललो."

"मले मालूम हाय," कचरू म्हणाला. "मी तुह्या तोंडाकडंच पाहून राह्यलो व्हतो."

"माफ करा काका."

कचरूला खोकला आला, तो थांबेपर्यंत त्याने माझ्या दांडीचा आधार घेतला. "तवा सांगतं तं पोरगी नर्स झाली असती," तो म्हणाला. "आता मले सांगून काय करतं?" आणि तो मीठ न घेताच पायऱ्या उतरून गेला.

पिशवी माझ्यावर तशीच राहिली. सागरने मला बंद करेपर्यंत मी एक किलो, एक किलो दाखवत होतो.

आता मी म्हातारा झालोय. पाट एका बाजूने दबलाय, आकड्यांतल्या दोन रेषा पेटत नाहीत. सागर नवा काटा आणणार आहे, मला भंगारात देणार आहे. जाऊ दे. माझी एवढीच विनवणी आहे. आकडा मी दाखवतो, पण त्याच्यापुढे नाव तुम्ही लिहिता. लिहिण्याआधी पाटावर काय ठेवलंय, ते एकदा वाकून बघा. आणि बघितलं असेल, तर विचारतील तेव्हा सांगा.