शालिकरामचा कौल

माह्या शालिकरामले एक खोड हाय. कोणी काहीबी विचारो, हा मान हलवते. अकोल्याचे मास्तर म्हणाले, 'हुशार पोरगा हाय, पुण्याच्या कालेजात घाला.' यानं मान हलवली. काका जानराव अमरावतीहून आला, म्हणाला, 'इंग्रजी शिकला नं? मग माह्या अडतीवर बस. कापूस घ्यायले साहेब येतात, त्यायच्याशी बोलायले घरचा माणूस पाहिजे.' तिथंबी मान हलवली. शाळा संपवून तेल्हाऱ्याकडं घरी आला तवा मी विचारलं, 'का रे, शेती पाहशील काय?' मलेबी तेच! याचे वडील गेल्यापासून हे घर मी एकटीनं हाकलं, पण असा बैल मले कधी जुंपावा लागला नव्हता.

पाडवा तोंडावर आला. जानरावचा निरोप आला, गाडी पाठवतो, पोराले तयार ठेवा. कापसाले भाव आल्यापासून जानराव घाईतच असते. बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या त्यानं, बैल मातर तेच मारके. तिकडून मास्तरायचंबी बोलावणं. आन् मी तं पाणवठ्यावर सगळ्या बायायले सांगून बसली होती, माहा लेक पुण्याले जाते म्हणून. हे पोट्टं दिवसभर वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटते, आन् अर्धी भाकर ताटात टाकून उठते.

शनिवारी मी मारोतीले तेल घालायले गेली, तं शालिकराम आधीच तिथं. माह्याकडं पाठ करून कौल लावून राहिला होता. आमच्याकडं मारोतीच्या छातीवर ओल्या शेंदरात ज्वारीचे दोन दाणे लावतात. उजवा आधी पडला की देवाचा होकार. मी निंबाच्या आड थांबली.

'मारोतीराया, पुण्याले जाऊ काय?'

उजवा पडला. मले वाटलं, आता हा पाया पडून उठते. कशाचा उठते! पुन्हा दाणे लावले.

'काकाकडं जाऊ काय?'

उजवाच पडला.

'मग घरीच राहू काय?'

तोबी उजवा! मले हासू आवरलं नाही.

'काहून रे, देवबी तुह्याच वळणावर गेला काय? सगळ्याले हो म्हणून राहिला!'

तो दचकला. मग तोंड पाडून म्हणे, 'हास, माय. पण मी करू काय?'

'तुले काय पाहिजे ते कर.'

'तेच तं कळत नाही! पुण्याचं म्हटलं की छाती फुगते, आन् घडीभरात वाटते, तिथं आपलं कोण? काकाकडं दिवसभर भाव, भाव अन् भाव, डोकं उठते. इथं राहीन म्हटलं तं तू पाणवठ्यावर काय सांगशील? नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरते, माय. ते पाहवत नाही मले.'

चांगली खरमरीत शिवी तोंडात आली होती, ती तिथंच विरली. मिशी फुटली, आन् मन अजून दुधावरच्या सायीसारखं. हात पाहिले त्याचे, पऱ्हाट्यायनं सोलून निघाले होते. मी त्याच हातावर देवाचं तेल चोळलं आन् त्याच्याजवळ पारावर टेकली.

'ऐक, पोट्ट्या. कळत नाही तं कळत नाही म्हणावं, त्यात लाज कसली? पाडव्याले गावात सालदार ठरतात, तसा मी तुले एक सालभर धरते. पेर, निंद, कापूस वेच, आन् पुस्तकंबी वाच. साल भरेपर्यंत तुले कोणी काही विचारणार नाही, मीबी नाही. पाणवठ्यावरच्या बायायचं मी पाहून घेईन. पण जानरावचा माणूस गाडी घेऊन आला की त्याले नाही तूच म्हणशील. मी मागं उभी राहीन, बोलणार नाही. त्याचं तोंड उतरलं तं उतरू दे, त्याले ताक पाजून वाटेले लावू.'