दिवसाआड

माझ्या लेकीचं कॉलेज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं. चेहरा नीट दिसावा म्हणून लॅपटॉप बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर चढवलेला असतो. पडद्यावरच्या चौकोनांत तिचे सोबती बसलेले असतात. कुणी कामावरून थेट आलेला, गळ्यातलं ओळखपत्रही न काढलेला, तर कुणी मांडीवर बाळ थोपटणारी. माझी नात भिंगरी त्यांना ‘खिडकीतली माणसं’ म्हणते.

लेक इस्पितळात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करते आणि संध्याकाळी ‘औषध नियमन आणि आरोग्य धोरण’ या विषयात मास्टर्सचा अभ्यास करते. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मी विचारलं, “अगं, म्हणजे नक्की काय?”

“बाबा, औषध दुकानात येण्याआधी त्याची परीक्षा कुणी घ्यायची, किती कडक घ्यायची, आणि मग ते गरजूच्या हाती पोचवायचं कसं, हे ठरवायचं शिक्षण.”

“म्हणजे औषधांची हेडमास्तरीण होणार तू!” जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे मला सगळं जग शाळेसारखंच दिसतं.

“चला,” जावई म्हणाले, “घरात आता दोन शाळकरी. डबे भरायचं माझ्याकडे लागलं.”

दुसरी शाळकरी म्हणजे भिंगरी, इयत्ता तिसरी. चालायला लागल्यापासून ती चालली अशी नाहीच, गरगरलीच. पण पुस्तक समोर आलं की ही भिंगरी जागच्या जागी थांबायची. जोडाक्षर दिसलं की अडायची, मग अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. वर्गात कुणीतरी तिचं नाव ‘मालगाडी’ ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिने मोठ्याने वाचणं सोडलं ते सोडलंच. घरी वाच म्हटलं की कधी डोळा दुखायचा, कधी धडा ‘शाळेत झालेला’ असायचा. कधी ती धडा पाठ करून यायची आणि चित्राकडे बघत घडाघडा म्हणायची. मी सहज चित्रावर हात ठेवला की धडाही बंद. मी रागावलो नाही. मूल वाचत नाही तेव्हा त्याला वाचायचं नसतं असं नाही. त्याला पुन्हा चुकायचं नसतं. पण कितीतरी आठवड्यांत आम्ही तिचा वाचतानाचा आवाज ऐकला नव्हता, आणि तिच्या आईला ते सारखं सलत होतं.

अशात लेकीला एक प्रकल्प आला. औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला माहितीचा कागद असतो, तसा एका काल्पनिक औषधाचा कागद लिहायचा आणि साध्यासुध्या माणसांना वाचायला देऊन तो कळतो का ते तपासायचं. तिने तीन संध्याकाळी खपून कागद लिहिला. आधी जावयांना दिला, मग शेजारच्या शिंपीकाकांना.

“समजलं ना?” तिने विचारलं.

“समजलं की! झकास लिहिलंय,” शिंपीकाका म्हणाले.

“मलाही समजलं,” जावई म्हणाले. कागद त्यांच्या हातात उलटा होता.

काका गेल्यावर मी लेकीला म्हटलं, “बाई गं, ‘समजलं ना’ हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे. त्याला उत्तर एकच, ‘हो’. आख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच काही येत नसतं. ‘नाही’ म्हणायला लाज वाटते गं.”

“मग काय विचारू?”

“विचारू नकोस. करून दाखवायला सांग.”

तिने कागद पुन्हा हातात घेतला. मग तिची नजर गॅलरीत गेली. तिथे भिंगरी तिच्या कापडी हत्तीला झोके देत होती.

“ती नाही म्हणेल, बाबा.”

“मोठ्याने वाच म्हटलंस तर म्हणेल.”

लेकीने हाक मारली. “भिंगरे, हत्ती आजारी आहे असं ऐकलं. त्याला औषध द्यायला माणूस हवंय. कसं द्यायचं ते या कागदावर आहे.”

भिंगरीने कागदाकडे संशयाने पाहिलं. “मोठ्याने वाचायचं?”

“मुळीच नाही. मनात वाचायचं आणि औषध द्यायचं.”

“किती वेळ लागला तर चालेल?”

“आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?”

शिंपीकाकांकडून पांढरी बटणं आणली, त्या झाल्या गोळ्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं. भिंगरी पोटावर पालथी झाली आणि बोट ठेवून वाचू लागली. आम्ही दोघांनी उगाचच शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळाने बटणं वाजली. ती प्रत्येक तारखेच्या चौकोनात एकेक बटण ठेवत होती. एकही चौकोन तिने सोडला नाही.

लेकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. कागदावर लिहिलं होतं, ‘एक गोळी दिवसाआड घ्यावी.’ हे औषध हृदयाचं होतं. रोज घेतलं तर दुप्पट होणार होतं.

“भिंगरे,” तिने अगदी हळू विचारलं, “रोज का गं ठेवलीस?”

“रोजच आड जातो ना.”

“कोण?”

“दिवस! आजोबा रोज ओरडतात ना, ‘दिवस टाकीआड गेला, घरात या.’ तेव्हा द्यायची.” आणि तिने समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं.

मला हसू आलं. आमच्या लहानपणी सूर्याला दिवसच म्हणायचे. दिवस उगवला, दिवस कलला, दिवस बुडाला. तो शब्द मीच तिला दिला होता. पण लेक हसली नाही. औषधखिडकीपाशी येणारी किती माणसं असले कागद अशीच वाचत असतील, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. तिचा चेहरा उतरला.

भिंगरीने तो पाहिला आणि आपलंच चुकलं असा अर्थ घेतला. तिने बटणं भराभर गोळा केली, हत्तीला काखोटीला मारलं आणि टेबलाखाली शिरली.

“मला येतच नाही वाचायला,” खालून आवाज आला. “मी मालगाडीच आहे.”

लेक माझ्याकडे पाहू लागली. मी नकारार्थी मान हलवली. हे उत्तर मी देण्यासारखं नव्हतं.

ती टेबलाखाली गेली. मोठं माणूस मावेल अशी ती जागा नव्हती. डोकं आपटल्याचा आवाजही आला.

“आई गं!”

“लागलं?” भिंगरीने विचारलं.

“लागलं. पण आधी ऐक. माझ्या अभ्यासात एक नियम आहे. वाचणारा चुकला तर वाचणारा नापास होत नाही.”

“मग कोण होतं?”

“कागद.”



“कागद नापास? खरंच? पुस्तकात लिहिलंय?”

“पुस्तकात लिहिलंय. मॅडमनी शिकवलंय. त्या कागदावर एवढे शब्द लिहिले मी, पण दोन मोठ्या माणसांना चूक सापडली नाही. तुला सापडली.”

“बाबांनी वाचलाच नव्हता. उलटा धरला होता.”

“मी ऐकतोय हं!” आतल्या खोलीतून जावई म्हणाले.

टेबलाखालून हसू फुटलं. मग एक हात बाहेर आला. “पेन द्या, आजोबा.”

दोघी तिथेच बसून कागद दुरुस्त करू लागल्या.

“असं लिहूया,” लेक म्हणाली, “आज घ्या, उद्या नको, परवा घ्या.”

“कुठला परवा?”

“म्हणजे?”

“झालेला की यायचा? परवा आपण चप्पल आणली, तो झालेला.”

लेकीने कपाळावर हात मारून घेतला, नेमका टेंगळावर. शेवटी ठरलं ते असं: ‘एक दिवस गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी घेऊ नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.’ खाली चौकोनांची रांग, एका चौकोनात गोल, पुढचा रिकामा. भिंगरीने पुन्हा कॅलेंडर पसरलं, आणि या वेळी हत्ती वाचला.

शनिवारी संध्याकाळी लेकीने हे सगळं वर्गात सांगितलं. दिवस आणि टाकीची गोष्ट ऐकून खिडकीतली माणसं हसली आणि मग गंभीर झाली. पडद्यावरच्या पिकल्या केसांच्या मॅडम म्हणाल्या, “ही वाचक भेटेल का आम्हाला?”

भिंगरी माझ्या खुर्चीमागे होती. ती पुढे आली, हत्तीसकट.

“तुम्ही आमचं मोठं काम केलंत,” मॅडम म्हणाल्या. “नवा कागद आम्हाला वाचून दाखवाल? मोठ्याने?”

लेकीने चटकन तोंड उघडलं. “मॅडम, तिला—”

मी टेबलाखालून तिचा हात धरला.

भिंगरीने एकेका चौकोनाकडे पाहिलं. एवढी सगळी माणसं! मग कागद डब्याला टेकवून तिने बोट ठेवलं. “हे... औषध... हृदयासाठी... आहे.” ती थांबत होती, पुन्हा निघत होती. ठोकून मात्र काही देत नव्हती. गोळीचं वाक्य पार पडलं. पुढच्या ओळीवर बोट अडलं.

“दु...” ती म्हणाली. “दुष्... दुष्...”

शब्द माझ्या जिभेवर आला होता. आयुष्यभर मुलांना असे शब्द पुरवलेला माणूस मी. मोठ्या कष्टाने तो गिळला.  पडद्यावर कुणी हललं नाही.

भिंगरीने मान वर केली आणि थेट मॅडमना सांगितलं, “हा शब्द नापास.”

कुणाचं तरी बाळ दचकून उठेल एवढा हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण लगेच त्यांनी वही ओढली. “बरोबर आहे. ‘दुष्परिणाम’ आहे तो. त्याऐवजी काय लिहूया, सांगा.”

भिंगरीने हत्तीच्या सोंडेशी चाळा करत विचार केला. “औषधाने त्रास झाला तर.”

“लिहा हो सगळ्यांनी,” मॅडम म्हणाल्या.

भिंगरीने ती ओळ नव्या शब्दांनी वाचली. मग खालची. मग तिच्या खालची. लेक पडद्यावर दिसू नये म्हणून बाजूला सरकली आणि पदराने डोळे टिपू लागली. मला वाटलं, पोर आता दमली असेल.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “झालं?”

“थांबा ना,” भिंगरी म्हणाली आणि तिने कागद उलटला. “मागची बाजू राहिलीय.”