हवेत आवळलेले पाय

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी आहे, पण मोडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक दोन्हीला एकच समजतात आणि माझं डोकं फिरतं. आजही इंजिन सुरू झालं की शेजारचं कुत्रं ओट्याखाली जाऊन बसतं. रंग गडद हिरवा, दारं दोनच, नाक लांबलचक. एकोणीसशे सत्तर साली मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ज्यांनी मला घडवलं, त्यांनी आठ सिलिंडरांचं दांडगं इंजिन पोटात घातलं आणि पैसे वाचवले ते नेमके पायांवर. सरळ धावायला शिकवलं, वळायला शिकवायचं राहूनच गेलं.

मला कोरी करकरीत घरी आणलं ते आर्वो कांगसनं. तेव्हा तो लोखंडाच्या खाणीत कामाला लागलेला तरुण होता आणि पहिली मोठी खरेदी मीच. रविवारी तो मला सेनी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्यायचा. तो रस्ता ताणलेल्या दोरीसारखा सरळ. तिथं माझ्या पुढं कुणी जाऊ शकत नसे. पेट्रोल पंपावर मंडळी गोळा व्हायची, माझं नाक कुरवाळायची, आर्वोला कॉफी पाजायची. माझ्या पायांची चौकशी कुणीच केली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

पण कौतुकाचे दिवस उन्हाळ्यातले. आमच्या उत्तरेला ऑक्टोबर सरला नाही तोच बर्फ पडतो, आणि बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. मिठानं पत्रा गंजून जातो, म्हणजे मीठ माझ्यासारखीचा काळच. म्हणून पहिला बर्फ दिसला की आर्वो मला गॅरेजात घालायचा, अंगावर कापड टाकायचा आणि दार ओढून घ्यायचा. ते उघडायचं थेट मे महिन्यात. माझं निम्मं आयुष्य त्या कापडाखाली गेलं, मित्रांनो. अंधार, थंडी आणि सीटमध्ये संसार थाटलेले उंदीर. तरी मनात एक आधार असायचा की मे येणार आहे.

आर्वोची मुलगी आयली ह्याच घरात वाढली. ती आता रस्त्यावरचा बर्फ सारायचा अवजड ट्रक चालवते. अख्ख्या तालुक्याचे रस्ते तिच्या भरवशावर मोकळे होतात. पण मला बाहेर काढायचं तर शेजारच्या सीटवर बाबा हवेतच. एकटीला त्यांनी कधी सोडलं नाही. ती वळण घ्यायची आणि ते दाराची मूठ अशी धरायचे, की मूठ उपटून हातात येते की काय, असं मला वाटायचं.

मागच्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या वळणावर माझ्या पायांनी दगा दिला. आयली काही जोरात चालवत नव्हती. पण मी एका अंगावर कलले, मागची चाकं टणाटण उडाली, शेपूट बाहेर गेलं, आणि मी थांबले तेव्हा एक चाक रस्त्याच्या कडेला खडीत होतं आणि खाली नुसतं पाणी. घरी अंगणात उतरल्यावर आर्वो म्हणाला, “लेस्टरला फोन करतो. कधीचा मागे लागलाय. घेऊन जाऊ दे.”

लेस्टर ट्रुडेल होड्या विकतो. माणूस वाईट नाही. पण त्याच्याकडे एक मोठी, उबदार शेड आहे आणि तिथं माझ्यासारख्या डझनभर गाड्या रांगेत उभ्या आहेत. लखलखीत. टाकीत पेट्रोल नाही, बॅटऱ्या काढून ठेवलेल्या. बर्फ वितळला तरी त्या शेडचं दार गाड्यांसाठी उघडत नाही. मी ते एकदा पाहिलं होतं, आणि ते नाव ऐकून माझं इंजिन गार पडलं.

“दोष माझ्या हातांचा नाही, तिच्या पायांचा आहे,” आयली म्हणाली. “एक हिवाळा दे मला. मी तिचं सस्पेन्शन नवं करते.”

“बाजारात जे तयार मिळतं ना, त्या पैशात दुसरी गाडी येते.”

“तयार कोण आणतंय? भंगारात जाईन, थोडं टपालानं मागवीन. तू नुसता खुर्ची टाकून बस आणि नावं ठेव. तेवढं तुला छान जमतं.”

आर्वोनं बराच वेळ तळहात चोळला. मग म्हणाला, “ठीक आहे. मे महिन्यात मी शेजारी बसेन. त्या वळणावर माझ्या पोटात गोळा आला, तर गाडी लेस्टरची. मग रडायचं नाही.”

म्हणून त्या हिवाळ्यात मला नुसतं कोंडलं नाही, टांगलं. शेजाऱ्याकडून आणलेल्या लोखंडी घोड्यांवर उचलून चारही चाकं काढली. पुढच्या स्प्रिंगा गेल्या, मागचे कमानपाटे गेले, गळके शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले. अंधार माझ्या सवयीचा होता, पण पायच नाहीत ही गोष्ट नवी होती. पळून जायचं म्हटलं तरी कशावर पळणार?

आयलीनं काम मात्र झटून केलं. भंगारात बर्फाखाली पोलिसांची एक जुनी गाडी होती, माझ्याच कुळातली. तिच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा माझ्यापेक्षा चांगलाच जाड होता. तो असला की वळणावर अंग कलत नाही. तो काढता काढता आयलीची बोटं निळी पडली. घरी येऊन तिनं दांडा गॅरेजात टाकला आणि सरळ सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीत, जाऊन बसली. मग नव्या स्प्रिंगा आल्या, नवे पाटे आले, सांध्यासांध्यात बसायचे रबरी बुश आले. आर्वो खुर्चीत बसून दालचिनीचा टोस्ट कॉफीत बुडवत बघायचा.

ह्या घराचा एक नियम आहे. आर्वोच्या वडिलांनी तो खाणीत घालून दिला होता, कारण तिथं ढिला नट माणूस मारतो. नट लावला की तिथल्या तिथं पूर्ण आवळायचा. नुसता हातानं फिरवून ठेवलेला नट म्हणजे थाप मारणं.

“आवळलास?” आर्वो विचारायचा.

“आवळला.”

“अजून एकदा.”

आणि आयली पान्यावर सगळं वजन टाकायची. मित्रांनो, मी तेव्हा हवेत होते. माझे पाय लोंबत होते, आणि लोंबत्या पायांचेच सांधे ती दोघं घट्ट करत होती. रबर त्याच जागी चिमटलं गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबांनो, आधी मला जमिनीवर ठेवा! पण हॉर्नची तार त्यांनी काढून ठेवली होती. प्रेमानं आवळलेलं सुटत नाही, आणि त्याची तक्रारही करता येत नाही. तो हिवाळा मी आयुष्यात विसरणार नाही.

मे उजाडला. चाकं लागली, मी खाली आले, आणि नाक वर करून उभी राहिले. अंगाचं वजन पायांवर टेकेचना. प्रत्येक सांधा मला परत हवेत ढकलत होता. आयली म्हणाली, “स्प्रिंगा नव्या आहेत, बसतील हळूहळू.” पण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईतो आम्हा तिघांचीही हाडं खिळखिळी झाली. बारीकशा खड्ड्यावर मी लाकडी घोड्यासारखी उडत होते.

“वळणापर्यंत जायची गरजच नाही,” आर्वो हळू आवाजात म्हणाला.

आयलीनं इंजिन बंद केलं आणि बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. सगळा हिवाळा तिनं माझ्यासाठी घातला होता आणि मी तिला साधं गल्लीतून नीट नेऊ शकले नाही. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी लेस्टर ट्रेलर घेऊन आला. तो साखळदंड काढायला लागला, तेवढ्यात आर्वोनं त्याला थांबवलं. “आत जाऊन कॉफी घे. नट तपासल्याशिवाय मी गाडी कुणाच्या हाती देत नाही.”

“पळून जाणार आहे का ती?” लेस्टर हसला आणि कॉफीचा पेला घेऊन तिथंच उभा राहिला.

घोड्या केव्हाच शेजाऱ्याला परत गेल्या होत्या. म्हणून आयलीनं मला जाड फळ्यांवर चढवलं आणि चाकांवर उभी असतानाच ती खाली सरपटली. तपासायची पद्धत ठरलेली. प्रत्येक नट थोडा सोडायचा आणि परत आवळायचा. तिनं पुढच्या डाव्या सांध्याचा नट सोडला.

माझ्या अंगातून कण्हल्याचा एक लांबलचक आवाज निघाला. रबर सुटलं, सांधा फिरला, आणि माझा डावा खांदा दोन बोटं खाली आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं वजन माझ्या पायावर पडलं.

“ही तर बसली,” लेस्टर म्हणाला. “कंटाळली वाटतं.”

आर्वोनं पेला ठेवला आणि तो गुडघे मोडत जमिनीवर आडवा झाला. बापलेक फळ्यांच्या मधून एकमेकांकडे बघत राहिले.

“बाबा, आपण हिला लटकत ठेवून आवळलं.”

“हो. मीच अजून एकदा, अजून एकदा म्हणत होतो.” त्यानं तोंड पुसलं. “सगळे सोड. आणि आता ती उभी आहे तशीच आवळ.”

एकेक सांधा सुटला, तशी मी दर वेळी कण्हले. मग जमिनीवर, माझ्या स्वतःच्या उंचीवर, ते पुन्हा आवळले गेले. तेच नट, तेच हात, तेवढंच बळ. पण ह्या वेळी मला कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं नाही.

लेस्टरला टोस्टचं पाकीट देऊन अंगणात बसवलं आणि आम्ही तळ्याकडे निघालो. वळण आलं. मी थोडीशी कलले, जाड दांड्यानं मला सावरलं, मागची चाकं रस्त्याला चिकटून राहिली. आम्ही वळलो, बस्स. गाडीनं वळावं तसं वळलो. आर्वो समोर बघत होता. घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

अंगणात तो उतरला, दार लावलं आणि खिडकीत वाकला.

“गोळा आला का पोटात?” आयलीनं विचारलं.

“आला. चांगला मोठा आला.” लेस्टर उठून उभा राहिला. आर्वोनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “पण तो गाडीमुळे येत नाही, आयली. तुझ्यामुळे येतो. तू पहिल्यांदा चाललीस तेव्हापासून येतोय. तिला पन्नास दांडे लावलेस तरी तो जायचा नाही.” त्यानं खिडकीवरचा हात काढून घेतला. “जा. सेनीपर्यंत जाऊन ये. एकटी जा.”

मित्रांनो, ऑक्टोबर सरला की मी पुन्हा कापडाखाली जाणार आहे. मीठ कुणाला चुकलं नाही. पण तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याकडे जे काही जपण्यासारखं असेल, मग ती सायकल असो, कुत्र्याचं पिल्लू असो, नाहीतर धाकटी बहीण, ते खुशाल घट्ट धरा. फक्त आवळण्याआधी त्याला जमिनीवर ठेवा आणि ते स्वतःच्या पायांवर कसं उभं राहतं, ते एकदा बघून घ्या.