माझ्या पोटातला मक्याचा कोळसा

मी माती बोलतेय. नाक पुढे करू नका, सुगंध वगैरे काही येणार नाही. मी जळकी माती आहे. काचेच्या एका छोट्या बरणीत तळाशी उरलेय, मूठभरसुद्धा नाही. आणि मला सूड हवाय.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, माती म्हणजे आई, ती सगळं पोटात घालते, क्षमा करते. घातलंय ना पोटात! पण क्षमा करायला नाही, वेळ आली की ओकून दाखवायला. प्रयोगशाळेत माणसं जमायला लागलीत. सगळे आले की माझी पाळी. तोवर माझी कहाणी ऐका.

माझा जन्म डोंगराच्या एका उतारावर झाला. एका दिवसात नाही झाला. खडक झिजायचा, वरून पानं पडायची, किडे ती कुरतडायचे, गांडुळं खाली ओढून न्यायची, आणि माणसांच्या कितीतरी पिढ्या सरल्या की बोटभर मी तयार व्हायचे. घराण्याचा टेंभा माणसं मिरवतात, पण माझ्या घराण्यापुढे त्यांचं म्हणजे कालचं पोर. माझ्यावरची झाडं इतकी दाट होती की खाली ऊन पोचत नसे आणि गवताची काडी उगवत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या झाडांखाली एक म्हातारा मधाच्या पेट्या ठेवायचा. खालच्या वस्तीतली पोरं त्याला पोळेकाका म्हणायची. मधमाश्यांना शांत करायला त्याच्याकडे धुराचा एक डबा होता. वाळकी पानं आत कोंबायची, पेटवायची आणि भाता दाबत धूर सोडायचा. काम झालं की डब्यात पाणी ओतायचा आणि वर स्वतःचा अंगठा राखेत खुपसून बघायचा, विझलं की नाही. विझलं असलं तरी पुन्हा एकदा पाणी. त्याची बायको, काकू, चिडवायची, "अहो, बुडवून मारणार का त्या डब्याला?" तो आपला हसायचा.

उतार मात्र मालकाचा. खालचा मक्याचा मळाही त्याचाच. मक्यात त्याचं मन रमेना, त्याला माझ्यावर बंगले हवे होते. वरून देखावा छान दिसतो म्हणे. नियम असा की झाडं उभी असलेल्या जागेवर बांधकाम करता येत नाही. जागा उजाड असेल तर येतं. आता काय करायचं, हे मालकासारख्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

वारा सुटलेल्या एका दुपारी ट्रॅक्टर वर आला. पोळेकाका सकाळचं काम उरकून कधीच उतरला होता. ट्रॅक्टर चालवत होता मालकाचा मेहुणा, शेजारी बसला होता मालक, आणि मागच्या ट्रॉलीत मक्याची वाळलेली ताटं खच्चून भरली होती.

"दाजी, एवढी ताटं कशाला? एक काडी ओढली की काम भागेल," मेहुणा म्हणाला.

"तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. झाडं हिरवी आहेत, नुसत्या काडीनं पेटतील होय? बुंध्याभोवती गच्च रच. मोठ्या झाडाला दुप्पट लाव."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"काय विचारतील? राख झाल्यावर मका काय नि झाड काय! आवर लवकर, वारा पडायच्या आत."

मग मालकाने स्वतःच काडी ओढली.

आग मी पूर्वीही पाहिली होती. वीज पडून लागलेली, वरवर पळत जाणारी, पाचोळा खाऊन निघून जाणारी. ही तशी नव्हती. ही बुंध्यापाशी बसून राहिली. माझी गांडुळं माझ्या आतच शिजली. मुळं जमिनीखाली धुमसत राहिली आणि मला ती सोडताही येईनात. युगायुगांची पुंजी होती माझी, पानापानाने जमवलेली, एका दुपारी धूर होऊन गेली. मला रडता येत नाही. येत असतं तर निदान ती आग तरी विझली असती. तेव्हाच मी शिव्याशाप दिले, मालका, तुझं वाटोळं होईल आणि मी ते करीन.

पण चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्याच दिवशी मालक छाती बडवत चौकीवर हजर. "त्या म्हाताऱ्याच्या डब्यातली ठिणगी हो! किती वेळा बजावलं होतं त्याला!" सकाळी पोळेकाकाला डबा घेऊन वर जाताना लोकांनी पाहिलंच होतं. त्याला धरून नेलं. आपण विझवलं होतं, अंगठा घालून पाहिलं होतं, असं तो सांगत राहिला. अंगठ्याची साक्ष कोण मानतो? तो अजून कोठडीत आहे. आज इथे काय ठरतं त्यावर त्याचं सुटणं अवलंबून आहे.

काही दिवसांनी उतारावर दोन माणसं आली. एक पांढऱ्या मिशांचे सर आणि एक त्यांच्या हाताखाली काम करणारी संशोधक मुलगी. तिच्या खिशात कायम चिमटा असायचा, म्हणून मी तिला चिमटेवाली म्हणते. त्यांना गुन्ह्याशी देणंघेणं नव्हतं. वणव्यानंतर मातीतला पालापाचोळ्याचा कस किती उरतो, एवढंच त्यांना शोधायचं होतं. लोखंडी नळी ठोकून त्यांनी माझे तुकडे काढले, जळलेल्या भागातून आणि ओढ्यापलीकडच्या न जळलेल्या भागातूनही.

त्यांची रीत सांगते. हवेतला कार्बन दोन तऱ्हेचा असतो, हलका आणि जरासा जड. झाडं खाण्यात चोखंदळ, जड कार्बन ती होता होईल तो टाळतात. मका खादाड, त्याला फारसं काही वावडं नाही. त्यामुळे मक्याच्या अंगात जड कार्बन जास्त सापडतो. गंमत अशी की झाड जळलं, मका जळला, दोघांचा काळा कोळसा झाला, तरी ही खूण जवळजवळ तशीच राहते. मालकाला हे कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. मी वाट पाहत होते.

आणि सरांनी घोळ घातला. त्यांची जुनी सवय, वीतभर खोलीची माती एकत्र करायची, चाळायची, दळायची आणि मग मोजायची. जळलेला थर नखाएवढा, त्याखाली वीतभर झाडांचीच माती. सगळं कालवल्यावर माझा मका हरवून गेला, घागरभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकल्यासारखा. आकडा बघून सर म्हणाले, "झाडांचाच कार्बन आहे. थोडा इकडेतिकडे, पण चालायचंच." चालायचंच! मला त्या मिशा उपटाव्याशा वाटल्या. एखाद्याने चूक केली की माणसं म्हणतात, त्याने माती खाल्ली. त्या दिवशी सरांनी खरोखर खाल्ली असती तर मी त्यांच्या घशात अडकले असते.

पण चिमटेवाली यंत्राच्या पडद्यासमोरून हलेना.

"सर, नायट्रोजन बघा ना. आगीत हलका नायट्रोजन आधी उडून जातो, जड मागे राहतो. बुंध्याजवळच्या बरण्यांमध्येच जड एवढा का? आग तिथेच इतकी कडक कशी झाली?"

"बुंधा जळाला असेल, अगं."

"ओल्या बुंध्याला इतकी आग लागायला आधी काहीतरी जळायला हवं. खाली तर गवतही नव्हतं. आणि कार्बनही फक्त त्याच बरण्यांमध्ये इकडेतिकडे झालाय."

सर मिशीवरून हात फिरवत पडद्याजवळ आले. मग म्हणाले, "मी कालवायला नको होतं. जा, पुन्हा आण. या वेळी थर वेगळे ठेव."

ती एकटीच वर आली, बुंध्यापाशी गुडघे टेकले आणि पातळ सुरीने माझा वरचा काळा थर अलगद उचलला. हीच ती मी. तिने मला वाळवलं, आम्लात धुतलं, भिंगाखाली पसरलं आणि चिमट्याने काळा चुरा कण कण निवडून या बरणीत भरला. पहिली चिमूट मोजली आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. आकडा मक्याचा होता. बुंध्याजवळच्या प्रत्येक बरणीत मका, आणि दोन झाडांच्या मधल्या जागेत कुठेच नाही. वाऱ्याने उडून आलेला मका झाडं बघून बसत नाही. सरांनी तिथूनच चौकीवर फोन लावला.

मग काकू आली. कुणीतरी तिला इथला पत्ता दिला होता. हातात पर्स घट्ट धरून दारातच उभी राहिली.

"पोरी, ते सुटतील ना गं?"

"सुटतील, काकू. आणि ज्यानं लावली तो आत जाईल."

"तो जाऊ दे नाहीतर राहू दे. मला त्याच्याशी भांडायचं नाही. हे घरी आले की पुरे. ते तर म्हणतात, सोडून द्या त्याला, त्याचं त्याच्यापाशी."

काकू, तू भली, तुझा नवरा भला. तुम्ही द्या सोडून. मी नाही सोडणार. माझी गांडुळं तुमच्या घरची नव्हती, माझी होती.

कोर्टात मालकाचा वकील खूप बोलला. "साहेब, कोळसा उगाळावा तितका काळाच! त्यात मका कुठला आणि झाड कुठलं, हे कसं कळणार? आणि ही बरणी जंगलातलीच कशावरून? यांच्याच कुणीतरी मळ्यातली भरली असेल." मालक वकिलाच्याही पुढे गेला. स्वतःच्या वकिलावरसुद्धा त्याचा विश्वास नाही, मेहुण्यावर नाही, बायकोवर नाही. उभा राहून म्हणाला, "माझ्यासमोर मोजा. बरणी मी निवडणार आणि यंत्रात मी घालणार, माझ्या हाताने. मग बघू कशी अदलाबदल करतात."

कोर्ट म्हणालं, ठीक आहे. माझा तर आनंद पोटात मावेना.

आले बघा सगळे. वकील घाम पुसतोय. सर कोपऱ्यात उभे आहेत. काकूला खुर्ची दिलीय, पण ती बसत नाही. पडद्यावर दोन आकडे आधीच आहेत, एक ओढ्यापलीकडच्या झाडांचा, एक मालकाच्या मळ्यातल्या मक्याचा. दोघांत चांगलंच अंतर आहे. माझा आकडा कुणाशेजारी जाऊन बसतो, ते शेंबडं पोरही सांगेल.

मालकाने बरण्यांवरून बोट फिरवलं. सगळ्यांत कमी माती जिच्यात उरलीय ती उचलली. त्याला वाटलं, एवढ्याशा मातीत काय सापडणार? ती मी.

चिमटेवालीने मला कथिलाच्या इवल्याशा वाटीत ओतलं, तोललं, कडा दुमडल्या आणि गोळी केली. मी जळल्याशिवाय या यंत्राला काही कळत नाही. खाली भट्टी लालबुंद आहे, उतारावरच्या आगीहूनही तापलेली. तिच्यात माझा वायू होईल, तो यंत्रात जाईल, हलका वेगळा, जड वेगळा मोजला जाईल. मग मी कुठेच नसेन. त्या झाडाखालची मी संपले. आकडा मला दिसणार नाही, मालकाचं तोंडही दिसणार नाही. काकू, तू नीट बघ. माझ्या वाटणीचंही बघ.

वाचणाऱ्यांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी हौसेने चाललेय. निरोप घेताना दुसरं कुणी तुमच्याकडे दया मागेल. मी एवढंच मागते, पोळेकाका घरी गेला तरी या माणसाला विसरू नका.

"यात टाकायचं?" मालक विचारतोय.

"हो. या खाचेत. हळूच," चिमटेवाली म्हणतेय.

त्याने चिमट्यात गोळी धरलीय. गोळी खाचेच्या तोंडाशी आली. धग लागतेय.

पेटव मालका, पेटव. या वेळी सगळे बघतायत.