सोडलेले अकरा चेंडू

वहिनी व्हॉलीबॉल संघाची आकडेवाली. कोर्टामागे लॅपटॉप मांडून बसायचं आणि कोणी चेंडूला हात लावला की शेरा मारायचा: छान, बरा, फसला. आकड्यांपुढे कोणी सगं नाही की सोयरं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा बाणा. आणि आता नेमकी नणंदेपाशीच गाडी अडली होती.

नणंद लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागच्या रांगेत सर्व्हिस उचलणारी. सारखी ओरडते म्हणून सगळ्या तिला टिटवी म्हणत. अंतिम सामन्याला टिटवी की नवी लिबेरो, हे आज ठरायचं होतं. टिटवी तेहतीस वर्षांची. आता बसली की कायमचीच बसली. तक्त्यात नवी सरळसरळ पुढे होती. पण नवी खेळली की संघ हरायचा आणि टिटवी खेळली की जिंकायचा. हे काय गौडबंगाल, वहिनीचं डोकं चक्रावून गेलं.

तिने सामने पुन्हा लावून बघितले. एरवी ती आवाज बंदच ठेवायची. या खेपेला चुकून चालू राहिला. सर्व्हिस यायची, टिटवी "सोड!" म्हणून किंचाळायची, शेजारची पोरगी हात मागे घ्यायची आणि चेंडू रेषेबाहेर पडायचा. असे अकरा. तक्त्यात ते सगळे समोरच्यांची चूक म्हणून जाऊन बसले होते.

"मॅडम, टिटवीलाच घ्या," ती प्रशिक्षकबाईंना म्हणाली.

"हे आकडे सांगतायत की नणंद?"

वहिनी ते अकरा सांगणारच होती. पण नवीचा आवाज तरी तिने कुठे इतका कान देऊन ऐकला होता? "मलाच कळत नाहीये, मॅडम."

बाईंनी टिटवीचं नाव लिहिलं.

अंतिम सामना, पाचवा सेट. समोरचे चौदा, आपले तेरा. सर्व्हिस उंच आणि लांब आली. "सोड!" शेजारच्या पोरीने निमूट हात मागे घेतले. चेंडू रेषेवर टेकला आणि पंचाचा झेंडा खाली गेला, म्हणजे आत. पंधरावा गुण त्यांचा. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत ती पोरगी हमसून हमसून रडत होती. चेंडू तिच्या हद्दीत पडला, म्हणजे नियमाने चूक तिची. वहिनीने तशी नोंदही केली होती. टिटवी एका गुडघ्याचं पॅड काढून तशीच उठून आली आणि लॅपटॉपवर वाकली.

"हिच्या नावावर का? सोड मी म्हणाले ना? माझ्या नावावर लिही, वहिनी." तिचा आवाज पार बसला होता.

"अगं, मग ते अकरा कुठे लिहू?"

टिटवीला काही उमजेना. "कुठले अकरा?"

वहिनीने पोरीचं नाव पुसलं आणि टिटवीचं लिहिलं. नोंद बरोबर होती, आणि वहिनीला रडू आवरत नव्हतं.