हशाची जागा

आईने आपला शेवटचा साधा दिवस एका टोस्टरवर ओरडण्यात घालवला.

एका विनोदी मालिकेत ती शेजारच्या शास्त्रज्ञ बाईचं काम करायची. मुख्य कुटुंब वेगळं. त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार ढकलून पांढरा कोट घातलेली ही बाई आत यायची, काहीतरी तपासायची, बहुतेक वेळा काहीतरी जाळायची आणि निघून जायची. मालिकेत तिला प्रयोगकाकू म्हणत. हळूहळू रस्त्यावरचे लोकही तेच म्हणू लागले. भूमिका छोटी होती, पण आई लेखकांशी भांडून तिचं विज्ञान बरोबर करून घ्यायची. "माझे केस उभे करा, तोंडाला काळं फासा," ती म्हणायची, "पण विजेचा धक्का कसा बसतो ते तरी नीट लिहा!"

त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला सेटवर गेले आणि दिव्यांच्या मागे उभी राहिले.

"याला ताप आलाय," आई टोस्टरवर हात ठेवून म्हणाली. मग थांबली. अजिबात न हलता, एक आवंढा गिळण्याइतका वेळ. "आणि या घरात खरं बोलणारा हा एकटाच आहे!" पुन्हा थांबली.

समोर प्रेक्षक कुणीच नव्हते. मालिकेतला हशा नंतर साउंडरूममध्ये लावतात. नटांनी त्याच्यासाठी जागा सोडायची असते, नाहीतर पुढचं वाक्य हशाखाली बुडतं. वर्षानुवर्षं आई अशी न हसणाऱ्या लोकांसाठी थांबत आली होती.

परतताना गाडीत मात्र ती थांबेना. नळवाला, तिची ताई, माझं न झालेलं जेवण, समोरचा सिग्नल, सगळं एका दमात. घरी आईचं वाक्य कधी संपायचंच नाही. मी "हं, हं" करत गाडी चालवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर बाबांच्या छातीत दुखू लागलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर रक्तवाहिन्या दाखवल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "छाती उघडावी लागेल. आणि लवकर. रोज तुम्ही नशिबावर जगताय." तारीख ठरली. बाबांनी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात ते गेलेल्या माणसांचे आवाज ऐकवणाऱ्या एका 'आवाजगुरू'कडे जाऊ लागले.

एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्याची बैठक भरायची. मी पहिल्यांदा बाबांबरोबर गेले तेव्हा जिन्यापर्यंत माणसं उभी होती. बाबा प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होते. खोलीच्या मध्यभागी टेबलावर एक जुना, मागे पोट सुटलेला टीव्ही. त्याच्या मागे राखाडी झगा घातलेला, साखरेत घोळवलेल्या आवाजाचा एक पन्नाशीचा माणूस.

"मरण म्हणजे काय हो?" तो विचारत होता. "स्टेशन बदलणं! तुमचं माणूस संपत नाही. ते फक्त दुसऱ्या लहरीवर जातं. विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतंय. कंपनं! क्वांटम! ऊर्जा!"

"क्वांटम," माझ्या शेजारचा माणूस हळूच पुटपुटला, जणू औषधाचं नाव लक्षात ठेवत होता.

आवाजगुरूने टीव्हीची तार उचलून दाखवली. टोकाला पिन नव्हती, तार मधूनच कापलेली होती. "पाहा! वीज नाही, अँटेना नाही. आहे ती फक्त तुमची ओढ!"

ज्यांना आपल्या माणसाशी बोलायचं असेल त्यांनी त्याचा फोन इथे ठेवून जायचा, त्यात 'लहर बसावी लागते', असा नियम होता. पुढच्या बैठकीत काळ्या पडद्यातून आवाज यायचा. त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा बोलला. "आई, पोचलो गं. काळजी करू नको. जेवून घे." बाई पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या. माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू.

आणि मग आवाजगुरूने हात वर केले. "आज त्या आल्यात. तुमच्या सर्वांच्या लाडक्या प्रयोगकाकू!"

गर्दी पुढे सरकली. एवढी माणसं कशाला जमतात ते मला तेव्हा कळलं.

"बाई," आवाजगुरू पडद्याकडे झुकला, "यजमान विचारतायत, ऑपरेशन करू का?"

काळ्या काचेतून आईचा आवाज आला. आईचाच. "आत्ता उघडू नका." शांतता. "उघडलंत तर सगळं संपलं." शांतता. "थोडा धीर धरा. आपोआप होईल."

घरी आल्यावर बाबांनी इस्पितळात फोन करून तारीख रद्द केली.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर जमिनी मोजल्यात," मी म्हटलं. "वीतभर जागेसाठी दोन-दोनदा साखळी टाकायला लावायचात. आणि एका बंद टीव्हीचं ऐकून..."

"आवाज तिचा होता की नव्हता?"

"बाबा..."

"तू सांग. नव्हता म्हण. मी आत्ता परत फोन करतो."

मला नव्हता म्हणता येईना. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले, डावा हात छातीवर. श्वास घेताना त्यांची मान किंचित वर उचलली जात होती.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्या दिवशी काम करताना एका ओळीत दोन शब्दांमध्ये नको इतकी जागा सुटलेली दिसली. ती जुळवून घ्यायची खूण केली आणि हात तिथेच थांबला.

आवाज आईचाच होता. पण घरी आई अशी बोलत नसे. बाबांच्या जिवाचा प्रश्न असता तर तिने श्वाससुद्धा घेतला नसता. दर वाक्यानंतर थांबून, एक आवंढा गिळून ती कुणासाठी जागा सोडत होती?

मी तशीच स्टुडिओत गेले. आईचे जुने सहकारी, साउंडवाले काका, कानावरचे हेडफोन काढून माझं ऐकत राहिले. मी ती वाक्यं म्हणून दाखवली तसा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, हा ओव्हनचा भाग! केक फुगतोय आणि धाकटी सून सारखं दार उघडायला जातेय. तुझ्या आईला तेव्हा सर्दी झाली होती. 'संपलं' म्हणताना घसा कसा खरखरलाय बघ."

त्यांनी ते दृश्य लावलं. 'आत्ता उघडू नका.' हशा. 'उघडलंत तर सगळं संपलं.' खरखर, हशा. मग एक कळ दाबली आणि हशा गेला. नुसती आई उरली, आणि तिच्या वाक्यांमधल्या त्या मोकळ्या जागा.

"हेच ते," मी म्हटलं.

"नटांचा आवाज वेगळा, हशा वेगळा," काका म्हणाले. "दोन्ही शेवटी एकत्र करायचे. हा बिनहशाचा आवाज बाहेर कुणाकडे नसतो."

"मग त्याच्याकडे कसा?"

"दिसतो कसा हा तुझा गुरू? आवाज गोड? बोलताना मान तिरकी करतो?"

"हो."

"खोखो!" काका जवळजवळ ओरडले. "अगं, इथे हशा लावायला होता तो! आम्ही खोखोच म्हणायचो त्याला. लोक कुठे हसणार हे त्याला आमच्या आधी कळायचं. सामान चोरलं म्हणून काढला. तुझ्या आईच्या शोकसभेत पाहिला मी त्याला, तुझ्या बाबांचा हात हातात घेऊन उभा होता. मला वाटलं, माणूस सुधारला."

लोक कुठे हसतात हे ज्याला कळतं, त्याला ते कुठे रडतात हे शिकायला कितीसा वेळ लागणार?

घरी जाऊन मी बाबांना सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "बैठकीला चल," एवढंच म्हणाले.

पुढच्या बैठकीला जिन्यावर बाबा इतके थांबले की मागची माणसं वैतागली. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. साउंडवाले काका टोपी कपाळावर ओढून, मांडीवर पिशवी घेऊन मागच्या रांगेत बसले. आवाजगुरूचं लहरींचं कीर्तन आटोपलं. शिवणकामवाल्या बाईंचा मुलगा पुन्हा पोचला, पुन्हा म्हणाला जेवून घे. मग प्रयोगकाकूंची पाळी आली.

मी उभी राहिले. "माझ्या आईला मलाही विचारायचंय."

"विचार, बाळा. मन मोकळं कर."

"बाबांनी ऑपरेशन करायचं का?"

आवाजगुरूचा उजवा हात झग्याच्या बाहीत गेला. आईचा आवाज काळ्या काचेतून आला. "आत्ता उघडू नका."

शांतता. आणि त्या शांततेत, खोलीच्या मागच्या बाजूने, तेच वाक्य त्याच आवाजात आलं. "आत्ता उघडू नका." आणि पाठोपाठ शंभर माणसांचा खदखदून हशा.

गर्दी दचकून मागे वळली.

"उघडलंत तर सगळं संपलं," टीव्ही म्हणाला. "उघडलंत तर सगळं संपलं," काकांची पिशवी म्हणाली. दोन्हीकडे 'संपलं'वर घसा तसाच खरखरला. आणि पुन्हा हशा, बरोबर त्या मोकळ्या जागेत, झाकण बरणीवर बसावं तसा. मग पिशवीतून 'टिंग' असा आवाज आला आणि मालिकेतली धाकटी सून किंचाळली, "काकू, केक बसला!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"काय रे खोखो," काका टोपी काढत म्हणाले, "हशा लावायला विसरलास?"

आवाजगुरूचा चेहरा क्षणभर कोरा झाला. पण माणूस कसलेला होता. "अज्ञान!" तो गरजला. "त्या आयुष्यभर हीच वाक्यं बोलल्या. आत्मा आपल्या आवडीच्याच शब्दांत बोलणार ना? यात चूक काय आहे?"

काही माना डोलल्या. इतकं दाखवूनही ती माणसं त्याच्याकडेच बघत होती.

"आत्म्याला तीच सर्दी परत होते?" मी विचारलं. "त्याच अक्षरावर? एकच वाक्य मी तुम्हाला दोनदा म्हणून दाखवते, श्वास कधी सारखा पडणार नाही. कुणाचाच पडत नाही. सारखी असते ती फक्त ध्वनिमुद्रित केलेली गोष्ट. ही ओव्हनमधल्या केकची गोष्ट आहे. त्यावर हा माणूस माझ्या वडिलांची छाती बंद ठेवतोय. ते इस्पितळात गेले तर त्याच्या पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होईल, म्हणून!"

"बाहेर काढा हिला!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात शिवणकामवाल्या बाई उठल्या. माझ्याकडे आल्या. आवाज अगदी बारीक. "माझा मुलगा तरी खरा बोलतो ना गं?"

याचं उत्तर द्यायला मी आले नव्हते. "ताई," मी कसंबसं म्हटलं, "त्याने तुम्हाला फोनवर कधी असा निरोप पाठवला होता? बोलून?"

बाई विचार करत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "वसतिगृहात पोचला तेव्हा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी."

त्या टेबलाकडे गेल्या. "उघडू नका, लहर तुटेल!" म्हणत आवाजगुरू आडवा आला. त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं आणि टीव्ही फिरवला. मागचं झाकण नुसत्या चिकटपट्टीवर होतं. आत काचेची नळी नव्हती, काही नव्हतं. होता तो मुठीएवढा एक स्पीकर, एक बॅटरी, आणि बाहीतल्या कळीवर चालणारं एक छोटं यंत्र.

"माझ्या पोराचा फोन दे," बाई म्हणाल्या. मग दुसरं कुणी म्हणालं. मग सगळेच. खोखो मागच्या दाराकडे सरकला, पण दारात माणसं होती.

मी बाबांकडे वळले. त्या गोंधळात ते एकटेच खुर्चीत शांत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"बाबा, पाहिलंत ना?"

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"ओव्हनचा भाग आहे ते. पहिल्याच दिवशी ओळखलं. तो भाग आम्ही दोघांनी सोबत पाहिला होता. ती सारखी माझ्याकडे बघत होती, मी हसतो का ते." त्यांनी दम घेतला. "मूर्ख नाही गं मी."

"मग तारीख का रद्द केलीत?"

बाबांनी त्या उघड्या टीव्हीकडे पाहिलं. "उघडू नका म्हणाली ना. मला तेच ऐकायचं होतं. त्या टेबलावर झोपायचं, उठायचं, परत त्या घरी यायचं... कशासाठी?"

आतापर्यंत माझी सगळी उत्तरं तयार होती. खरखर, हशा, झाकण. या प्रश्नाला त्यातलं एकही पुरलं नसतं. लबाडाचं यंत्र उघडता येतं. पण जो जाणूनबुजून फसायला बसलाय त्याच्यापुढे काय उघडायचं? माणसं मूर्ख असतात म्हणून या खोल्या भरत नाहीत. ती एकटी असतात म्हणून भरतात. आणि त्यांच्या घरात कुणी मनातलं बोलत नाही, म्हणून.

"आईचा आवाज ऐका," मी म्हटलं. "काकांकडून सगळे भाग आणते, रोज ऐका, हशासकट. पण त्या आवाजाला काही विचारू नका. त्याला तुमच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. ज्यांना दिसतात त्यांनी सांगितलंय. आणि मी..."

मी थांबले. आमच्या घरात हे कुणी कुणाला म्हणत नाही. आम्ही चष्मा नेऊन देतो, गाडी चालवतो, हं हं करतो. आईलाही मी कधी म्हटलं नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

"आई मेली, बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ती परत बोलणार नाही. तुम्ही कशासाठी उठायचं विचारलंत ना? माझ्यासाठी उठा. मला तुम्ही हवे आहात."