फ्रीव्हील की फिक्स

दौलत सायकलीवर फेऱ्या मारू लागला तसं बाजारतळाचं मैदान लहान होत गेलं. दर फेरीला वीतभर. तो पुढे सरला की मागची घरं उठायची, अंग झाडून चाकोरीच्या कडेपर्यंत सरकायची आणि पुन्हा बसायची. आत बाया भाकरी थापत असल्या तर थापतच राहायच्या. नवल कुणालाच नव्हतं. जागा मोकळी पडली की घर सरकणारच, असं सगळे म्हणत.

खेळ तसा साधा. पाय जमिनीला न टेकवता सायकल फिरवत राहायची, आठवडा सरला की उतरायचं, गळ्यात हार घालून घ्यायचा नि पुढचं गाव गाठायचं. पण आठवडा कधी सरला ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दौलत सायकलीवरच जेवायचा, सायकलीवरच दाढी करायचा. हल्ली तो सायकलीवरच झोपू लागला होता. पाय तेवढे जागे असायचे.

मैदानाच्या मधोमध बांबू, बांबूला भोंगा, भोंग्याखाली चूल आणि चुलीपाशी भागू, दौलतची बायको. ती चाकोरीच्या कडेला जाऊन त्याच्या हातात चहा द्यायची. आधी आधी तो म्हणायचा, "साखर संपली, का माझ्यावर रुसलीस?" मग नुसतंच म्हणू लागला, "चहा बरा झालाय." आणि आता कप घेता घेता विचारायचा, "तुमचं नाव काय, बाई?"

"भागू."

"छान नाव आहे," असं म्हणून तो पुढे जायचा. वळून आला की पुन्हा तेच विचारायचा. ती पुन्हा सांगायची. त्याच्या विचारण्याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. दर वेळी तो अगदी मनापासून "छान नाव आहे" म्हणायचा, ते तिला सोसवत नव्हतं. याला खाली उतरवायचं, अजून माझं नाव याला छान वाटतंय तोवर उतरवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

त्या सकाळी साखळी खडखडू लागली. मागचं फ्रीव्हील झिजलं होतं. पायडल मारलेलं चाकाला कळतच नव्हतं. सायकल दुरुस्तीवाले मुनीरभाई आले. त्यांचं दुकान मागोमाग आलं आणि पाना हाताशी येईल इतक्यावर बसलं. त्यांनी सायकलीबरोबर चालता चालता मागचं चाक काढून घेतलं. सायकल पुढच्याच चाकावर फिरत राहिली. दौलत थोडा मागे रेलला, एवढंच.

"वहिनी, दोन वस्तू आहेत माझ्याकडे," मुनीरभाई म्हणाले. "हे फ्रीव्हील. पाय थांबवले तरी चाक चालत राहतं. आणि ही फिक्स चक्री. चाक चालतंय तोवर पाय चालणारच. कुठली बसवू?"

भोंग्यात नारबा राहायचा. तोंडापलीकडे त्याचं काही दिसत नसे. तो म्हणाला, "फिक्स बसवा वहिनी. फ्रीव्हीलवर माणूस आळसावतो. फिक्सवर पाय थांबायची भानगडच नाही."

"तू गप रे," मुनीरभाई म्हणाले. "तुला पाय आहेत का?"

"नाहीत, म्हणून तर निःपक्षपाती सांगतोय."

भागूनं एका हातात फ्रीव्हील घेतलं, दुसऱ्या हातात फिक्स चक्री. दात सारखे, तेल सारखं, वजनही जवळजवळ सारखंच. फ्रीव्हील उलटं फिरवलं की आत रातकिडा बोलावा तसं टिकटिक करायचं. फिक्स मुकी होती.

"फिक्सवर त्यांना थांबता येईल का?" तिनं विचारलं.

"येईल की. पायानं चाक आवळून धरलं की चाक उभं राहतं."

"मग फिक्स."

"पण जागं असायला हवं. झोपेत चाकच पाय ओढत नेईल."

भागूनं दौलतच्या पायांकडे बघितलं. तळव्यांना पायडलचा आकार आला होता, बोटांच्या जागी रबराच्या रेघा होत्या. "नाही, फ्रीव्हील द्या," ती म्हणाली. मग तिला वाटलं, पाय थांबले आणि चाक चालत राहिलं तर हा कुठे जाईल? "पण थांबा. पण..."

"वहिनी, तुमच्या एका 'पण'मध्ये पानाची टपरी आत आली बघा," मुनीरभाई शांतपणे म्हणाले.

ती आली होती. टपरीवाला चुना लावत होता. बांबूपासून चाकोरी आता चार पावलांवर होती.

भागू पदर खोचून सायकलीबरोबर चालू लागली. "अहो, तुम्हीच सांगा. तुम्हाला कुठलं हवंय?"

दौलतनं डोळे किलकिले केले. "ते माझी बायको ठरवील."

"कुठाय ती?"

"मधोमध. चहा करत असेल. तुम्हाला भेटली तर सांगा, दौलत येतोय म्हणावं. तेवढी एक फेरी झाली की येतो."

भागूनं फिक्स चक्री मुनीरभाईंच्या हातात परत ठेवली. "फ्रीव्हील," ती म्हणाली.

त्यांनी ते चाकावर आवळलं, चाक जागच्या जागी बसवलं, साखळी चढवली. दौलतनं एकदा पायडल मारलं, दुसऱ्यांदा मारलं, आणि त्याचे पाय थांबले. टिकटिक टिकटिक करत चाक चालत राहिलं. सगळं मैदान त्या आवाजानं भरून गेलं. भागूनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलून खाली घेतलं. तो कडब्याच्या पेंढीसारखा हलका झाला होता. त्याचे तळवे मातीला टेकले. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"भागू," तो म्हणाला, "कधीची उभी आहेस गं इथे?"

तिनं त्याचा हात धरला आणि दोघं मधोमध, बांबूपाशी आले. चहा उतू चालला होता. लगत येऊन बसलेल्या घराच्या खिडकीतून एका म्हातारीनं हात घातला, पातेलं उतरवलं आणि खिडकी लावून घेतली.

"अहो," भागू म्हणाली, "सायकल थांबली नाही."

सायकल फेरी मारत होती. सीट रिकामी होती, हँडल नीट वळत होतं, पायडलं निश्चल होती.

"वर कुणी नाही, मग ती फिरते कशी?"

"मी होतो तेव्हाही अशीच फिरायची," दौलत म्हणाला. "मी नुसता वर बसायचो."

घरं उठली, सरकली, बसली. मुनीरभाई दुकानात शिरले आणि दुकान पानाच्या टपरीला चिकटलं. "मी सांगत होतो, फिक्स..." नारबा बोलायला लागला, तेवढ्यात भोंगा दोन भिंतींच्या मध्ये सापडून मिटला. चूल चाकोरीखाली गेली. सायकल आता आतल्या बाजूला कलली होती आणि वळताना हँडल भागूच्या पदराला घासून जात होतं.

"जरा सरक," दौलत म्हणाला. ती सरकली. तो तिला पाठीमागून बिलगला. त्याच्या छातीतली धडधड तिच्या पाठीला कळत होती. "आहे गं मी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "भागू. भागू." जणू ते नाव आत्ताच कुणी त्याच्या हातात दिलं होतं.

टायर तिच्या अंगठ्याला लागला. त्याला वाट द्यावी म्हणून भागूनं उजवा पाय उचलला. चाक खालून निघून गेलं. पाय पुन्हा टेकवायला तिनं खाली बघितलं. माती उरली नव्हती. पायडल होतं, तिच्या तळव्याच्या अगदी खाली, अगदी स्थिर.